नदीवरची फरची झाडं

प्रिय डेलिमा,

तुझं पत्र पोचलं. पाद्रीबाबांकडून वाचून न घेता मी ते स्वतःच वाचलं, त्यात सकाळ गेली आणि चुलीवरचे वाटाणे करपले. उत्तरही मीच लिहितेय. अक्षराला हसायचं तर हस, पण शेवटपर्यंत वाच.

तू लिहितेस की तुझ्या बापाचं ते मोठं चित्र, गोठलेल्या नदीचं, मॉन्ट्रियलच्या त्या साहेबाला घ्यायचंय. फक्त बर्फावर ओळीने उभी असलेली फरची झाडं त्याला नकोत. नदीत झाडं उगवतात का, असं तो विचारतो. तुझा हात बापासारखाच चालतो, तेव्हा तूच ती पांढऱ्या रंगाखाली घालावीस. चित्रकार तर गेला, त्याची हरकत कसली, असंही तोच म्हणतो. आणि तू हो म्हणून बसलीस. माझं उत्तर नाही असं आहे. आई विचार करेल, मग मानेल, या भ्रमात राहू नकोस. विचार झालाय.

उगवतात कुठली, कपाळ. दर हिवाळ्यात आपल्या गावचा पॉलिडोर पहारीने बर्फ ठोकत पुढे जातो, जिथे घोड्याची गाडी पेलेल तिथे भोक पाडून वाटेची खूण म्हणून झाड रोवतो, हे तू चालायला लागलीस तेव्हापासून बघतेस. मग साहेबासमोर तुझं तोंड का शिवलं गेलं? मी दुकानात हे सांगितलं तर पॉलिडोर तोंडातला पाइप काढून म्हणाला, "त्याला म्हणावं, झाडांवाचून एकदा नदी ओलांडून दाखव. पलीकडे पोचलास तर मी स्वतः सगळी उपटतो." सगळं दुकान हसलं. मला हसू आलं नाही.

हाच पॉलिडोर जन्मभर तुझ्या बापाला टोचत आला. माझा थेओफिल चर्चच्या छतावर तारे रंगवायचा तोवर गाव त्याला मानायचं. पेटी पाठीला मारून तो बर्फात जाऊन बसायला लागला, तसं याचं डोकं फिरलंय असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. "झेफिरीन, नवरा थिजला तर वसंतापर्यंत गोठ्यातच ठेव, आत्ता जमीन खणता येणार नाही," असं पॉलिडोरने मला चर्चच्या पायरीवर ऐकवलंय. मीही काही कमी बोलले नाही. कुंपण पडलेलं, गाय अडलेली, आणि हा माणूस बर्फावरची सावली निळी की जांभळी ते बघत उभा. रंग थिजू नयेत म्हणून नळ्या सदऱ्याच्या आत छातीशी ठेवायचा. ते डाग घासून घासून माझी नखं झिजली. ब्रश धरता यावा म्हणून त्याच्या हातमोज्याची बोटं मीच कापून दिली. शिव्या देत दिली, पण दिली. शहरातल्यांना हिरवी कुरणं आणि लठ्ठ गायी हव्या असायच्या, तिकडे फ्रान्समध्ये काढतात तशा. "इथे जे दिसतं ते काढतो," एवढंच तो म्हणायचा. चित्रं परत यायची आणि मी ती माळ्यावर चढवायचे. कुणा गिऱ्हाइकासाठी त्याने कधी एक फांदी इकडची तिकडे केली नाही.

पॉलिडोरसाठी मात्र केली. हे चित्र ओलं असताना तो बूट न झटकता माझ्या स्वयंपाकघरात शिरला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ते तिसरं झाड वाकडं आहे. मी वाकडं रोवत नाही." तुझ्या बापाने मुकाट्याने ते सरळ केलं. ज्याने झाडं रोवली त्याचा तो हक्क होता. तुझ्या साहेबाने काय रोवलंय?

आता तुझ्या बापाने जे कधी बोलू दिलं नाही ते लिहिते, त्यासाठीच हे पत्र. तू तीन वर्षांची होतीस. घटसर्प झाला, घसा बंद होत आला, आणि डॉक्टर पलीकडच्या काठावर. भर दुपारी निघालो आणि नदीच्या मध्यावर वादळाने गाठलं. घोड्याचे कानसुद्धा दिसेनात. तुझा बाप उतरला, लगाम धरून हात पुढे करत चालला. हाताला सुया टोचल्या की ओरडायचा, "झाड मिळालं." मग पुढचं मिळेपर्यंत काही नाही, नुसता वारा आणि माझ्या छातीशी तुझी शिट्टी वाजणारी छाती. असे पोचलो आपण. पोरीच्या डोक्यावर ओझं नको म्हणून गप्प राहा, असं त्याने मला बजावलं, आणि बरी झालीस तशी हे चित्र काढायला घेतलं. त्यात गाडी नाही, माणूस नाही, ओळीने झाडंच आहेत, ती का ते आता कळलं असेल. शनिवारी पॉलिडोर पलीकडच्या स्टेशनावर गाडी घेऊन उभा असेल. चित्र आहे तसं घरी परत पाठव. आणि एवढं वाचूनही तुला ती झाडं झाकायचीच असतील, तर आधी कोपऱ्यातलं तुझ्या बापाचं नाव झाक आणि तिथे तुझं लिही.

तुझीच, न बदलणारी,
आई