रोलरपुढची दांडी

प्रिय घाईबाई,

हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना तू उत्तर दिलं नाहीस, त्यामुळे मी लिहायला बसतानाच चिडलेली आहे, एवढं ध्यानात ठेवून वाच.

तर बातमी अशी की या वयात मी शिकायला जाते. हसू नकोस. गोष्ट कशी सांगावी, हे शिकवतात तिथे! संघटनेच्या सेक्रेटरीने मला न विचारता नाव घातलं. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतलं आपलं चादरींच्या इस्त्रीचं मशीन अजून तेच आहे. तुझी दोन बोटं गेली तेच. गेल्या महिन्यात नव्या बाईची बाही रोलरमध्ये ओढली गेली. दोन लेकरांची आई. बाही फाटली म्हणून हात वाचला. साहेबांचं म्हणणं नेहमीचंच, रोलरपुढे दांडी आहे, तिला धक्का लागला की मशीन बंद पडतं, मग चूक बायकांचीच. आता मंगळवारी सुरक्षा समिती येणार आणि आपल्यातल्या एकीने तिच्यापुढे पाच मिनिटं बोलायचं. इतकी वर्षं अर्ज दिले, कुणी ढुंकून पाहिलं नाही, तर आता गोष्ट सांगून बघू, असं सेक्रेटरीच्या डोक्यात आलंय. तुझ्या अपघाताची गोष्ट. त्या दिवशी तुझ्या जोडीला मी होते, म्हणून सांगायची मीच.

दर बुधवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसतो, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर. गुडघे हनुवटीला टेकतात. शिकवणारी बाई माझ्या धाकटीहून लहान. पहिल्याच दिवशी म्हणाली, गोष्टीने समाज बदलतो. मी म्हटलं, समाजाचं मागाहून बघू, आधी या खुर्च्या बदला. वर्गात एक न्हावी आहे, एक नर्स आणि एक निवृत्त कंडक्टर. त्याची पाच मिनिटांची गोष्ट अर्धा तास चालते. जन्मभर लोकांना पुढे चला, पुढे चला म्हणून ओरडला आणि स्वतः पहिल्या स्टॉपवरून हलत नाही. त्याला कुणी काही बोलत नाही. अडवतात मला! मी तुझी गोष्ट सांगायला लागले की बाईचं ठरलेलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात? तुमचे हात काय करत होते? अगं, काय करणार, चादरीचं दुसरं टोक धरून होते. तर म्हणते, गोष्टीत वाफ आहे, मशीन आहे, मैत्रीण आहे, तुम्हीच कुठे दिसत नाही. माझं डोकं उठलं.

मग म्हणाली, बरं, मैत्रिणीच्या तोंडून सांगून बघा, ‘मी’ म्हणून. हा काय पोरखेळ, असं पुटपुटतच मी उभी राहिले. मी रोलरच्या उजवीकडे होते. चादर चुरगळली, ती सरळ करायला मी हात पुढे केला. हात ओढला जातोय म्हटल्यावर मी कोपराने दांडी ढकलली. पुन्हा ढकलली. इथवर आले आणि माझी वाचाच बसली. तू दांडी ढकललीस, दोनदा, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि नऊ वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. खाली बसले. कंडक्टरने उठून पाणी आणून दिलं.

परवा त्या पोरीने आणखी एक शिकवलं. चांगल्या गोष्टीत एक वाक्य असं असतं, की लोक ते घरी घेऊन जातात. मला इतका संताप आला! असलं वाक्य मी कुठलाही वर्ग न करता सांगून बसले आहे. चौकशीच्या वेळी मी म्हटलं होतं, तिला घाईच फार. तू चार मिनिटांत डबा संपवायचीस म्हणून मीच थट्टेने तुला हे नाव दिलं होतं, त्यामुळे सगळ्यांना पटलं. साहेबांना पटलं, तुझ्या नवऱ्याला पटलं. तुझी नोकरी गेली, आणि शेवटी तुलाही पटलं. भेटलो की उरलेल्या बोटांकडे बघत म्हणायचीस, माझीच घाई नडली गं. आणि मी मान डोलवायचे. माझी मलाच शिसारी येते.

आता ऐक. हे तुला समितीच्या खोलीत, चारचौघांत कळू नये म्हणून हे पत्र लिहिते आहे. चादरीचा जाड काठ लागला तरी दांडी मशीन बंद पाडायची आणि ते पुन्हा तापेपर्यंत दहा मिनिटं जायची, म्हणून आम्ही डावीकडच्या बायका ती आमच्या टोकाला, हलणारच नाही अशी बांधून ठेवायचो, तुमच्या बाजूने गाठ दिसायची नाही. आजही बांधतात, नव्या बाईच्या वेळीही बांधलेलीच होती. त्या सकाळी ती मी बांधली, फाटक्या चादरीच्या पट्टीने. लेकीचं शाळेत नाटक होतं, मला चारला पोचायचं होतं. तुला बाहेर नेत होते तेव्हा मी गाठ सोडली आणि पट्टी एप्रनच्या खिशात घातली. नोकरी जाईल म्हणून घाबरले, बस, दुसरं काही नाही. ती पट्टी या पाकिटात घातली आहे, तुझी वस्तू आहे, तिचं काय करायचं ते तू ठरव. मंगळवारी अकरा वाजता मी सगळं ‘मी’ म्हणून सांगणार आहे. वाटलं तर ये, नाही आलीस तरी सांगणारच. तुला घाई नव्हती गं. मला होती.

तुझीच,
खरी घाईबाई