अण्णांनी लावलेले हूक

प्रिय सुप्रीता,

आधी डब्यातलं चित्रान्न संपव, मग हे वाच. उपाशीपोटी वाचलंस तर रडशील आणि तुझ्या ऑफिसातली माणसं काय झालं, काय झालं करत बसतील. हे फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? लग्नाचा विषय निघाला की आई, नंतर बोलू म्हणून ठेवून देतेस. शनिवारी हॉस्टेलवरून घरी येतेस ती माझी बीपीची गोळी बघतेस, गॅसची नळी बघतेस, फ्रिज उघडून मी काय खाल्लं ते बघतेस. माझ्या तोंडाकडे तेवढं बघत नाहीस. म्हणून आज तुझ्या ऑफिसात पाठवलेल्या डब्याच्या पिशवीत तळाशी हे ठेवलं. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

परवा मार्केटात तीनजणींनी तरी मला अडवलं. मल्लेश्वरममधल्या अर्ध्या बायकांच्या अंगावर तुझ्या अण्णांनी शिवलेला ब्लाउज असेल, त्यामुळे ते गेल्यापासून भाजी आणायला जायचं म्हणजे मला धीर गोळा करावा लागतो. एक म्हणाली, तिच्या बाळंतपणानंतर अण्णांनी न मागता सगळे ब्लाउज सैल करून घरी आणून दिले. मला बरंही वाटलं आणि खरं सांगू, स्वल्प रागही आला. गावाला वेळेवर कपडे देणारा हा माणूस घरच्यांना काय देत होता, ते आपल्यालाच ठाऊक! नाळे, नाळे. उद्या देतो, उद्या देतो. तुझा शाळेचा युनिफॉर्म पहिल्या दिवशी सकाळी, रिक्षा दारात उभी असताना, इस्त्रीचा गरमागरम यायचा. माझ्या भावाच्या लग्नात मी पदर घट्ट ओढून बसले होते, आठवतं? आतून सगळ्या सेफ्टी पिना. हूक लावायला वेळच मिळाला नव्हता. मी चिडले की म्हणायचे, गिऱ्हाईक रुसलं तर परत येत नाही, तू रुसलीस तरी संध्याकाळी घरातच असतेस. असं बोलून वर मल्लिगेचा, मोगऱ्याचा गजरा पुढे करायचे. मग काय रागावणार, कपाळ!

गेले तेही कामातच. वरमहालक्ष्मीच्या आदल्या दिवशी, सणाचे सगळे ब्लाउज पोचते करून. दुकानासमोरच्या फुलवाल्या कस्तुरीअक्काला वाटलं, दमून मशीनवर डोकं टेकलंय, झोपू दे बिचाऱ्याला. तिने येणाऱ्यांनाही हळू बोला म्हणून सांगितलं. अजून ती मला बघितलं की रडते, आपण हलवून उठवायला हवं होतं म्हणते. मी तिला सांगितलं, अक्का, आयुष्यात कधी त्यांना दुपारी कुणी झोपू दिलं नव्हतं, तू दिलंस. असं सांगितलं खरं, पण घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून ओरडले. तुला हे कधी बोलले नाही. तू आधीच अर्धी झाली होतीस.

तेराव्याला महानंदाआत्या म्हणाल्या की बाप गेल्यावर मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर मग तीन वर्षं थांबायचं. आपल्यात आहे ते तसं. त्या बिचाऱ्या लवकर करा म्हणून सुचवत होत्या, आणि तू नेमकं तीन वर्षं तेवढं उचललंस! माघात ठरलेलं लग्न तू तिथल्या तिथे पुढे ढकललंस. कार्तिक गुणी मुलगा, तुझ्यापुढे सरी, बरं, म्हणून मान डोलावली त्याने. का, तर आई एकटी पडेल. अगं, एकटी तर मी पडलेच आहे. तू लग्न न करता राहिलीस म्हणून रात्रीच्या ताटाला दुसरं माणूस थोडंच बसणार आहे?

मागच्या आठवड्यात तू दुकान रिकामं करायला येते म्हणालीस, मी नको म्हटलं, माझी मी करते. कस्तुरीअक्का होती सोबतीला. कापडाचे तुकडे, दोऱ्यांची रिळं, बेतून ठेवलेले पण न शिवलेले दोन ब्लाउज, ते मी आता शिवून देणार आहे. कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर जुन्या धोतरात काहीतरी गुंडाळलेलं होतं. उघडलं तर तुझ्या लग्नाचा, हळदीच्या रंगाचा ब्लाउज. पूर्ण शिवलेला. पाठीला गोंडे लावलेला, इस्त्री करून घडी घातलेला. सहा महिने आधी! त्या माणसाने!

आणि हूकसुद्धा लावलेले. लग्न झाल्यापासून त्यांच्या हातच्या प्रत्येक ब्लाउजला हूक आणि हातशिलाई माझी. त्यांना ते कधी जमलंच नाही, मशीनवर राजा आणि हातात सुई दिली की आनंदीआनंद. पण हा माझ्याकडे दिला असता तर मी लगेच तुला फोन करून सांगितलं असतं, आणि त्यांना तुला चकित करायचं असणार. म्हणून चोरून स्वतःच लावत बसले. एक वर, एक खाली, एक तर चक्क तिरका. दोरा इतक्यांदा गुंडाळलाय की बैल बांधला तरी सुटणार नाही. मी हसायला लागले आणि मग कस्तुरीअक्काने मला किती वेळ धरून ठेवलं कोण जाणे. ते हूक मी उसवले नाहीत. उसवणारही नाही.

तेव्हाच मी ठरवलं. काल तू ऑफिसात असताना मी बस धरून येलहंकाला कार्तिकच्या घरी गेले. दुखवट्यातल्या बाईने असं जाऊ नये वगैरे मला माहीत आहे. दारातच त्याच्या आईला, सुनंदाअम्मांना, सांगितलं की माघातलं लग्न माघातच होईल, तुमची हरकत नसेल तर. त्यांनी मला आत ओढून मिठी मारली. आम्ही फक्त तुमच्या तोंडून ऐकायची वाट बघत होतो, म्हणाल्या. पंचांग काढलं, आधीचाच दिवस पक्का केला. कन्यादानाला मी बसणार, हेही सांगून आले. आपले भटजी नाही म्हणाले तर दुसरे शोधू, बेंगळुरात भटजींना काय तोटा! आज संध्याकाळी सुनंदाअम्मांचा तुला फोन येईल, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे सगळं लिहिलं. तुझ्याशिवाय मला राहता येईल की नाही, ते मला माहीत नाही गं. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण माझ्यासाठी तू तीन वर्षं थांबलीस, तर त्या तीन वर्षांत रोज मला वाटेल की अण्णांच्या पाठोपाठ मीच तुझ्या घरातून आनंद उचलून नेला. ते मला सोसणार नाही. फोन आला की हो म्हण, बाळ.

तुझीच, आणि आता कुणाचंही न ऐकणारी,
आई