बहावा लावू की मधुमालती

३ जून

हिला आज घरी आणलं. पलंग पुढच्या खोलीत, खिडकीला लावून. गाडीतून उतरवताना दोघांनी चादरीत धरली होती, पोतं धरतात तशी. मी मागे मागे, हातात तिच्या चपला. कशाला घेतल्या होत्या कोण जाणे!

उजवी बाजू गेलेली. वाचाही गेलेली. निघताना डॉक्टर म्हणाले, "पहिल्या पाच-सहा महिन्यांत जे परत यायचं ते येतं. नंतर फारशी आशा धरू नका." इतकं सरळ सांगायला हवं होतं का? मीच विचारलं होतं म्हणा.

४ जून

डोळे उघडे असतात. बघते. पण मला बघते की माझ्यातून पलीकडे, ते कळत नाही. भीती वाटते.

८ जून

खिडकीतून दिसतं काय? वाळवीनं खाल्लेल्या पेरूची रिकामी जागा, फाटक आणि रस्ता. सायकली, रिक्षा, धूळ. हे का बघत पडायचं तिनं दिवसभर?

काहीतरी लावतो. फुलणारं.

११ जून

रोपवाटिकेत गेलो. बहावा विचारला. शाळेच्या पटांगणात होता एक. एप्रिल महिन्यात अंगावर पान नाही आणि सगळीकडून पिवळे घोस लोंबताहेत! गुरुजी कविता चालीवर म्हणवून घ्यायचे तेव्हा मी पुस्तकात कमी आणि त्या झाडात जास्त बघायचो. पट्टी बसायची. बसू दे, तरी फायद्यात होतो.

रोपवाला म्हणाला, "लावा की. सहा-सात वर्षांत फुलेल."

"लवकर नाही का?"

"आजोबा, तुम्हाला एवढी घाई कसली?"

तो हसत होता, बिचाऱ्याला काय माहीत! मग त्यानं मधुमालती दाखवली. वेल. "तार बांधून द्या, पावसाळा सरेपर्यंत खिडकी भरून टाकेल. संध्याकाळी पांढरी उमलते, सकाळी गुलाबी, मग लाल. तीन रंग, एका पैशात."

काहीच न घेता परतलो.

१४ जून

व्यायाम करवून घेणारी मुलगी आता रोज येते. तिनं हिला खुर्चीत बसवलं, तेवढ्यात मी हिच्या पलंगावर आडवा झालो. हिच्या उशीवर डोकं ठेवून बघितलं, नेमकं काय दिसतं ते.

"अहो आजोबा! पेशंट कोण आहे?"

"बघतोय."

"काय बघताय?"

झोपल्या झोपल्या जमीन दिसतच नाही. बहाव्याचं रोप लावलं तर दोन-तीन वर्षं ते खिडकीच्या कट्ट्याखालीच राहणार. झाड बघायचं तर उठून बसायला हवं. त्याच्या सावलीत बसायचं तर चालत जायला हवं. वेल मात्र आपण होऊन येईल, इथवर, गजांपर्यंत.

म्हणजे निवड झाडा-वेलीची नाहीच. बहावा लावला तर मी म्हणतोय की ही उठेल. मधुमालती लावली तर म्हणतोय की नाही उठणार.

वरची ओळ खोडावीशी वाटतेय.

१७ जून

हिलाच विचारलं. डावा हात चालतो. म्हटलं, "झाड हवं असेल तर एकदा दाब. वेल हवी असेल तर दोनदा."

तिनं डोळे मिटून घेतले.

पूर्वी मी असं काही विचारलं की म्हणायची, "तुम्ही ठरवा, आणि मग मी सांगते ते करा." काय द्यावं म्हणजे तेवढं एक वाक्य परत मिळेल?

२१ जून

लेक आली. रविवारची येते, हातात डबे आणि डोक्यात सूचना. मी बहावा, मधुमालती, सगळं सांगितलं.

"बहावा लावा बाबा. यात विचार कसला करायचा?"

"सहा-सात वर्षं लागतात."

"लागू देत."

"आणि नाही उठली तर? ते रोप रोज माझ्या डोळ्यांसमोर! पाणी घालायचं आणि रोज स्वतःलाच फसवायचं?"

ती डबे घासत होती. वळली नाही. "तुम्हाला आशा परवडत नाही बाबा, म्हणून आईनं पलंगात राहायचं?"

ती गेल्यावर बराच वेळ नळ ठिबकत होता. उठून बंद केला नाही.

२४ जून

मधुमालती लावली. भ्यालो, हेच खरं. तारा बांधल्या. शेजारच्या सुतारानं भिंतीत खिळे ठोकून दिले. म्हणाला, "खिडकी झकास सजेल काकूंची."

३० जून

शाळेतल्या सगळ्या कवितांत झाड म्हणजे पुरुष आणि वेल म्हणजे बाई. तिनं बिलगायचं, यानं ताठ उभं राहायचं. तोंडपाठ होत्या मला, अजून आहेत. पण आमच्या घरात वेल कोण होतं? विजेचं बिल, गवळी, लेकीचं लग्न, माझं पथ्य, सगळं तिच्या अंगावर. मी आपला तिच्याभोवती वेटोळे घेत कविता म्हणतोय. आणि ती, "पुरे आता, दूध उतू जातंय!"

आता झाडच आडवं झालंय. वेलीनं कुठे जायचं?

१९ जुलै

वेल खिडकीच्या कट्ट्याला लागली. अधाशासारखी वाढतेय. रोज सकाळी नवीन बोट पुढे, तारेला पकडून. मला आनंद व्हायला हवा. होत नाही. ती वाढते तसा वेळ जातोय असं वाटतं.

२ ऑगस्ट

व्यायामवाली मुलगी आणि मी, दोघांनी हिला उभं करायचा प्रयत्न केला. ही पाय सोडून देते. "आजी, जोर लावा! लावा ना!" नाही. सगळा भार माझ्या खांद्यावर. ती पडली असती आज. मीही पडलो असतो.

मुलगी जाताना म्हणाली, "पायात ताकद आहे आजोबा, माझ्या हाताला लागते. पण त्या लावतच नाहीत."

का नाही लावत? माझा कंटाळा आला का?

१६ ऑगस्ट

लेकीचं आणि माझं आता कामापुरतंच बोलणं. ती वेलीकडे बघतही नाही.

५ सप्टेंबर

फुलली! संध्याकाळी झुबकेच्या झुबके पांढरे, आणि वास असा की लहान मुलासारखं हुरळून हिच्याजवळ बसलो. म्हटलं, बघ! अख्खी कविता म्हणून दाखवली, चालीवर, गुरुजींसारखा हात हलवत.

हिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

६ सप्टेंबर

पुन्हा तसंच. सकाळी फुलं गुलाबी झाली, मी दाखवायला गेलो. भिंत.

११ सप्टेंबर

वेल आता गजांतून आत यायला बघतेय. खोलीत हिरवा उजेड पडतो, पाण्याखाली असल्यासारखा. मला फार सुंदर वाटला. ही जेवत नाहीये. दोन घास, मग ओठ घट्ट.

१५ सप्टेंबर

आज हिनं डावा हात उचलला आणि खिडकीकडे केला! मी धावलो. फुलं हवीत तिला! ओंजळभर तोडली, कपात पाणी घालून उशाशी ठेवली.

तिनं कप ढकलून दिला. फुलं, पाणी, कपाचे तुकडे, सगळं जमिनीवर. डोळ्यांत पाणी, आणि घशातून एक आवाज. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

दुसरा झटका तर नाही? डॉक्टरांना फोन.

१६ सप्टेंबर

दुसरा झटका नाही. डॉक्टर म्हणतात, मन खचलंय, होतं असं. गोळी लिहून दिली. मी विचारलं, "ते पाच-सहा महिने...?" त्यांनी पावतीवर तारीख घातली आणि माझ्या हातात दिली.

२७ सप्टेंबर

तिनं ठरवलंय बहुतेक. जायचं ठरवलंय. रोज भिंतीकडे तोंड. मी बोलतो तिच्या पाठीशी. पन्नास वर्षांत पाठीशी बोलायची वेळ तिनं माझ्यावर आणली नव्हती. भांडली तरी समोर उभी राहून भांडायची, कमरेवर हात ठेवून.

खोलीत जायची भीती वाटते. न जायची त्याहून जास्त.

४ ऑक्टोबर

लेक आली. आईजवळ बसली, केस विंचरले. मग खिडकीशी जाऊन वेल बोटानं बाजूला करून बाहेर बघत राहिली. मीच म्हटलं, "चुकलं का माझं?"

"आता काय विचारताय बाबा?"

जाताना मात्र माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंच जास्त धसकलो.

९ ऑक्टोबर

आज काही नाही. खिडकी पूर्ण झाकली. बाहेरचं काही दिसत नाही, फुलंच फुलं. लाल.

१२ ऑक्टोबर

सकाळी स्वयंपाकघरात होतो. पुढच्या खोलीत काहीतरी फाटल्याचा आवाज. धावलो.

ही उभी होती! पलंगाच्या कडेशी, डाव्या हातानं गज पकडून, उजवा पाय नुसता टेकलेला, सगळं अंग थरथरतंय. दातांत वेलीचा तुकडा! गज सोडून हातानं तोडता येईना, म्हणून दातांनी ओढत होती. मला हाक मारायचीही भीती वाटली, दचकून पडेल म्हणून. हळूच मागे जाऊन कंबर धरली.

तिनं तोंडातली पानं थुंकली. "अहो," म्हणाली. जिभेला जड, वाकडं, पण अहोच! मग खूप वेळ लावून, एकेक अक्षर उचलत, "रस्ता... दिसत... नाही!"

सायकली, रिक्षा, धूळ. कोण आलं, कोण गेलं. भाजी निवडताना, कपडे घड्या करताना, या खिडकीत उभी राहून आयुष्यभर तेच तर बघत होती ती. मी तेव्हा कविता वाचत होतो.

दुपारभर वेल कापतोय. सुताराची मोठी कात्री आणलीय. ती खुर्चीत बसून बघतेय. माझ्याकडे नाही, रस्त्याकडे.