डिस्को गंमत, साइड ए

१८ नोव्हेंबर १९८५
काल कोंढ्याची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. भर दुपारी दोन शाहिरांची खडी गंमत, पब्लिक भरपूर. आमचा पक्ष तुऱ्याचा, मंगरूचा कलगीचा. त्याचे सवाल मी फोडले, माझे त्याने. शेवटी पंचांनी बरोबरी जाहीर केली. माझ्या मते मीच जिंकलो, पण पंचांना शास्त्र कुठे कळतं? निकाल पुढच्या मंडईत. जो हरेल त्याने डफ खाली ठेवायचा आणि पुन्हा कोंढ्यात उचलायचा नाही, असं दोघांनी चारचौघांत कबूल केलं. मंगरू तलावात जाळं टाकणारा माणूस. मी जवाहरनगरच्या फॅक्टरीत क्लार्क. वाचन कोणाचं जास्त, हे सांगायला नको.
संकल्प : आजपासून रोज एक सवाल, एक जवाब रचणे. टाळाटाळ नाही.

१९ नोव्हेंबर
मंडईचा थकवा. रचलं नाही.

८ डिसेंबर, रविवार
लाखनीला गेलो होतो. हायवेवर बाबुलालचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या खोलीला गोणपाट ठोकून त्याने आता तिला स्टुडिओ नाव दिलंय. म्हणाला, "शाहीर, तुमचा गळा कॅसेटीत टाकू. ट्रकवाले कलकत्त्यापर्यंत वाजवत जातीन." मी स्पष्ट नकार दिला. खडी गंमत समोर उभं राहून करायची चीज आहे, ती डबीत मावत नाही. यादोराव कला विकत नाही, असंही बोललो. बाबुलालने चहा पाजला. चहा चांगला होता.

९ डिसेंबर
विकणं वेगळं आणि जतन करणं वेगळं. रात्रभर विचार केला. पुढच्या पिढीला अस्सल गंमत कुठून ऐकायला मिळणार? कोणीतरी त्याग करायला हवा. बाबुलालला होकार कळवला.

२२ डिसेंबर, रविवार
पहिलं रेकॉर्डिंग. गण म्हणायला लागलो तर बाबुलालने हात दाखवून थांबवलं. ड्रायव्हर लोकांना सुरुवातीलाच मजा पाहिजे, गणपती नंतर पाहू म्हणाला. गणपती मनात आळवला. देव समजून घेतो. तीनदा बाहेरून ट्रकचा हॉर्न आत आला, तीनदा परत घेतलं. ही सोय मात्र नामी आहे. ओळ चुकली की "थांबव, परत घेऊ" म्हणायचं. मंडईत असं कुठे मिळतं?

१२ जानेवारी १९८६
आज मनिरामचा विषय निघाला. मनिराम माझा झीलकरी. कित्येक वर्षं माझ्या मागे उभा राहून झील धरतो. मी ओळ सोडली की तो ती उचलून घोळवतो, तेवढ्यात मला पुढची सुचते. बाबुलालचं म्हणणं, एकच ओळ दोनदा कायले? टेप जाते फुकट. टेक्निकल मुद्दा आहे, मान्य करावा लागतो. मनिरामला समजावून सांगितलं. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मंग तुमी दम कवा घेता शाहीर?"
अशिक्षित माणूस. प्रोफेशनल कामात दम घ्यायचा नसतो.

२ फेब्रुवारी
ढोलकीच्या जागी बेंजो आला. वाजवणारा पोरगा प्रत्येक चालीला डिस्को करतो. आधी मी विरोध केला. मग ऐकता ऐकता पाय हलला. पाय खोटं बोलत नाही. नवीन नाव ठरलं : डिस्को गंमत. आशय अस्सलच आहे, फक्त कपडे बदललेत.

१६ मार्च
महत्त्वाचा निर्णय. कॅसेटमध्ये फक्त सवाल ठेवायचे, जवाब नाहीत. बाबुलाल म्हणतो, "जवाब देल्ला त मानूस दुसरी कॅसेट कायले घेईन?" याला मार्केटिंग म्हणतात. माझ्या दृष्टीनेही सोयीचं, जवाब रचायचा वेळ वाचला. तो वेळ मी मंडईच्या तयारीला देणार.
कव्हरसाठी फोटो काढला. फेटा माझा, गॉगल बाबुलालचा. बेबीबाई फोटो उलटसुलट पाहून म्हणाली, "हा कोन होय जी?" बायकोला विनोदाची सवय आहे.

४ मे
विजय! साकोलीला लग्नाला गेलो, स्टँडवरच्या हॉटेलात माझाच आवाज चालू. अंगावर काटा आला. डोळ्यांत पाणीही आलं, लिहायला लाज कसली. मी हळूच बरोबर गुणगुणायला लागलो. शेजारचा ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, चूप बसा न. गानं आयकू द्या." कलावंताला याहून मोठी पावती कोणती? मी चूप बसलो.

३१ ऑगस्ट
पावसाने डफ सैल पडलाय. शेकायला हवा. मंडईची तयारी पोळ्यानंतर सुरू करायची. अजून भरपूर वेळ आहे.

१४ सप्टेंबर
पोळा झाला. तयारी गणपती उठल्यावर.

५ ऑक्टोबर
बेबीबाई आज जेवताना बोलली. "काहून जी, मंडई येऊन राहिली. येक तरी ओळ म्हना न घरात. मले त तुमचा आवाज टेपातच आयकू येते." मी सांगितलं की तरवार रोज म्यानातून काढायची नसते. ती म्हणाली की गंजली का हे पाहायला तरी काढतात. वाद वाढवला नाही.
नंतर न्हाणीत एक ओळ म्हणून पाहिली. आवाज उत्तम. दुसरी ओळ आली नाही, कारण पाणी संपलं होतं.

१९ ऑक्टोबर
बातमी कळली. मनिराम मंगरूच्या मागे झील धरायला लागला. इतक्या वर्षांचं मीठ! मी त्याला काढलं नव्हतं, फक्त कॅसेटमध्ये घेतलं नव्हतं. एका परीने बरंच झालं. त्याला सवय माझ्या चालीची, मंगरूची गंमत तोच बिघडवणार. मला झीलकऱ्याची गरज राहिली नाही. एकट्याने साइड ए आणि साइड बी दोन्ही भरल्यात.

५ नोव्हेंबर
उद्या मंडई. तयारी मनातल्या मनात पूर्ण. विजय निश्चित. सत्काराला काय बोलायचं तेवढं ठरवून ठेवलंय.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ
लिहायची इच्छा नाही. लिहितो.
कोंढ्यात पोचलो तेव्हा प्रत्येक पानठेल्यावर मीच वाजत होतो. छाती फुगली. फडात उभा राहिलो. मंगरू समोर, त्याच्या मागे मनिराम. मनिरामने लांबून नमस्कार केला, मी पाहिलं नाही असं दाखवलं. मंगरूने सवाल टाकला :
पिंजरा बोलतो, राघू उडाला,
सांगा शाहीर, बोलतं कोण?
सोपा सवाल. जीव आणि देह, तुऱ्यावाल्याच्या घरचं शास्त्र. मी डफावर थाप मारून पहिली ओळ झकास सोडली. आणि थांबलो. मागून कोणीतरी ओळ उचलेल म्हणून थांबलो. मागे कोणी नव्हतं. बेंजोवालाही नव्हता. दुसरी ओळ कुठेच दिसेना. माझा हात आपोआप वर गेला आणि मी खड्या आवाजात म्हणालो, "बाबुलाल, थांबव. परत घेऊ."
क्षणभर कोणाला कळलं नाही. मग सगळी मंडई हसली. बाया हसल्या, फुगेवाला हसला, पंच तोंडावर दुपट्टा धरून हसले. मंगरू एकटा हसला नाही. म्हणाला, "थांबतो शाहीर. घ्या परत." त्याने हसायला हवं होतं. मनिरामचे ओठ हलताना मी पाहिले. पण झील आपल्याच शाहिराची उचलायची असते. त्याचा शाहीर आता मंगरू.
परत घेतलं. तिथेच अडकलं. गर्दीतून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "हा यादोराव नोहोय गा. असली यादोराव त कॅसेटीत आहे, काय गाते तो!" दोन-चार जणांनी माना डोलावल्या.
मी डफ खाली ठेवला. निघालो तर पानठेल्यावर माझा आवाज मलाच सवाल विचारत होता.

७ नोव्हेंबर
फॅक्टरीत रजा टाकली. कारण : पोट.

८ नोव्हेंबर
आज दुपारी, विहिरीवर पाणी ओढताना, जवाब सुचला. चारही ओळी, एकदम. यमक जागच्या जागी, अर्थ असा की मंगरूने स्वतः डफ ठेवला असता. इतक्या महिन्यांत असं काही रचलं नव्हतं. बादली तशीच टाकून घरात धावलो आणि बेबीबाईसमोर उभ्याने म्हणून दाखवला. मागे झील नव्हती, तरी अडलो नाही. तिने निवडायचं सूप बाजूला ठेवून पूर्ण ऐकलं. चांगला आहे म्हणाली. खरंच चांगला आहे, असं परत म्हणाली.
मग म्हणाली, "पन मंडई त उठली न जी."
मी हो म्हटलं. तिने विचारलं, भात वाढू का? वाढ म्हटलं.