भोंग्यावर आधी चिचिग्वाचे नाव घ्यावे

मी, लिब्रादो सेवेरिनो, वय वर्षे एक्क्याऐंशी, साखर कारखान्यातला निवृत्त फिटर, राहणार पालमिता वस्ती, सान पेद्रोजवळ, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही मानेवर बसलेले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मला सगळे माको म्हणतात, म्हणजे बेडूक. बेसबॉलमध्ये मी फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलायचो. नोटरीबाई म्हणाल्या, "टोपणनाव कायद्यात बसत नाही हो." मी म्हटले, "मग मेलं कोण, ते लोकांना कळणार कसं?" त्यांनी लिहून घेतले.

१. घर आणि परसू मुलगी मिलादिसला. झुंजीच्या कोंबड्यांपायी जावयाने ते गहाण टाकायचे नाही.

२. डोमिनोचे टेबल मासे तळणाऱ्या फेफाला. ती लबाडी करते, तरीही.

३. चिचिग्वाचा भाचा हेरिबेर्तो, राहणार राजधानी, यास काहीही देऊ नये. कारण लिहितो. चिचिग्वा म्हणजे पतंग, आमच्या चेंडू फेकणाऱ्याचे टोपणनाव; त्याचे चेंडू मीच झेलायचो. त्याचा चेंडू तरंगत यायचा आणि फलंदाजाच्या पुढ्यात गोता खायचा. परदेशातली मोठी मैदाने गाजवून तो म्हातारपणी इथेच परत आला आणि गेल्या फेब्रुवारीत झोपेत गेला. भाच्याला टोपणनावाची लाज. त्याने भोंग्याच्या गाडीवरून पुकारायला लावले, "श्रीमान देओग्रासियास एन्कार्नासिओन यांचे निधन झाले आहे." आम्ही डोमिनो खेळत होतो.

"कोण गं गेलं?" मी विचारले.

"असेल कुणी पलीकडच्या वस्तीतला," फेफा म्हणाली. "तू डाव टाक, माको."

ते नाव आमच्यापैकी कोणीच कधी ऐकले नव्हते. ज्याच्यासाठी अख्खी वस्ती मैदानावर लोटायची, त्याला चार-पाच माणसांनी मातीत घातले. आमच्याकडे खेळाडूची शवपेटी मैदानातल्या सगळ्या बेसवरून, म्हणजे धावताना पाय टेकायच्या खुणांवरून, फिरवतात, शेवटी होमवर, म्हणजे मी बसायचो तिथे, टेकवतात आणि टाळ्या वाजवतात. त्याला तेवढेही मिळाले नाही. मला ते जेवतानाही सलते.

४. म्हणून माझ्या वेळी भोंग्यावरून एवढेच पुकारावे: "चिचिग्वाचा माको गेला." लोक त्याच्या नावाने येतील, येऊ द्यावे. माझ्या घरी असलेली त्याची टोपी माझ्या पेटीवर ठेवावी आणि पेटी सगळ्या बेसवरून फिरवावी. हेरिबेर्तो आला तर त्याला हाकलू नये. होमवर पेटी टेकली की "चिचिग्वा!" ही हाक त्यानेच द्यावी, मोठ्याने. माझे नाव कोणी घ्यायचे नाही. टाळ्या त्याच्या आहेत. मी त्या खाली झेलीन आणि त्याच्याकडे परत टाकीन. आयुष्यभर मी तेच केले.

ठिकाण: पालमिता. तारीख: १४ नोव्हेंबर २०१९.

सही: लिब्रादो सेवेरिनो, म्हणजे माको.

साक्षीदार: चुची न्हावी (एमेतेरिओ लेब्रोन) आणि पातोन (सांतोस गिलार्ते). कंसातली नावे मला आज कळली. वस्तीला सांगून ठेवावीत.