पेला कोण पाडतंय?

५ जुलै, शुक्रवार

सगळ्यात आधी अण्णाराव टपकले — वर भाड्यानं राहते त्या साक्षीचे वडील, थेट इस्लापूरहून! चप्पल बी काढली न्हाई. "मावशी, तुमच्या घराखाली जमीन गुरगुरते म्हणे? पोरगी नीटच्या क्लासला ठेवली, भ्यायला न्हाई." म्हटलं, जमीन कशाची! माझी नात श्रद्धा, तिची मशीन हाय ती. घरीच जोडली. कंप्युटरवर चित्र काढायचं, मशीन लाकडात कोरते, आपोआप! मला तर लई कौतुक. त्यांना न्हाई. "गुरुवारी परत येतो," म्हणाले. "आवाज असला तर पोरीला घेऊन जाईन."

६ जुलै

गोल पोळपाट मागितला होता. निघालं अंडं! श्रद्धा आधी हसली, मग रडकुंडीला आली. एका बाजूचा पट्टा ढिला असंल म्हणे.

अन् पेला पडला. किल्लारीच्या भूकंपापासून — तवा आम्ही लातूरला होतो — मी उशाशी उलट्या तांब्यावर पेला ठेवते. जरा हाललं की खणकन् पडतो, माणूस जागं होतं. आज कुणी पाडला? साक्षीवर संशय हाय. जिन्यातून टकमक बघून राहते.

७ जुलै

तांब्याभोवती पीठ पसरलं. पेला पडला — पिठात पाऊल न्हाई! मांजराचं बी न्हाई.

८ जुलै

राघवेंद्र, माझा लेक, भडकला. "आई, मशीनच हादरवते घर. गुरुवारच्या आत भंगारात घालतो. श्रद्धा पुन्हा क्लासला जाईल." दोनदा बसली पोरगी त्या नीटला. सुकून काडी झाली होती. मशीन आल्यापासून दोन घास जेवते तरी. पण मला बी आता मशीनचाच संशय. लई वाईट वाटलं.

९ जुलै

श्रद्धानं पट्टा ताणला. पोळपाट — गोल! वर ताट पालथं घालून बघितलं, कुठं फरक न्हाई. तेवढ्यात राघवेंद्रानं मशीनची वायर काढून माझ्या हातात दिली. उशाखाली ठेवली.

१० जुलै, बुधवार, सकाळी

वायर उशाखालीच. अन् पेला पडला! मी ओरडले, "सुटली गं श्रद्धे, तुझी मशीन सुटली!"

मग फळीवरचे डबे वाजले. पलंग हालला. तवा कळलं, जमीनच पाडत होती पेला.

सगळी गल्ली रस्त्यावर. साक्षीनं माझा हात सोडला न्हाई. राघवेंद्र माझ्याजवळ आला. मग हळूच, "आई, वायर कुठं हाय?"

म्हटलं, आज न्हाई देत जा. उद्या गुरुवार. अण्णाराव येतो म्हणालेत, त्यांच्यासमोरच लावीन.