तात्यांचं धान्य

जावईबापू,

हे पत्र काही तुमच्या हाती पडायचं नाही. काल तुमच्या रेशन दुकानात तुम्ही हमालाला म्हणालात, "तात्यांचं धान्य बाजूला काढ रे." तुमचे जुने नोकर तात्या तर गेल्या वर्षीच वारले! मेलेल्याच्या नावावर धान्य उचललं की दुकानदार गजाआड जातो. माझ्या लेकीच्या संसाराचं मग कसं व्हायचं?

तुम्ही आत गेल्यावर हमालाला हळूच विचारलं. तो हसत सुटला. "अहो मावशी, जमिनीवर सांडतं ते तात्यांचं! ते रोज झाडून कबुतरांना घालायचे, म्हणून आम्ही अजून तसंच म्हणतो."

मी तिथेच पोत्यावर मटकन बसले. तुम्ही धावत पाणी आणलंत, म्हणालात, "ऊन बाधलं वाटतं." मी आपली हो म्हणाले.

ऊन न बाधलेली,
तुमची सासू